हजेरी

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. रोज सकाळी हजेरी घेतो. आमच्या मुलांना या शब्दाची भीती वाटत नाही. पण आपल्याच सोलापुरात इंग्रजी अमलात तारेच्या कुंपणाआड काही जमाती ठेवल्या होत्या. त्यांचीही हजेरी घेतली जाई.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. जमातीचे नाव एकदा जाहीर झाले की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. गुन्हा शाबीत होण्याआधीच माणूस गुन्हेगार ठरे, तोही जन्माने.

या यादीत आपलेही लोक होते. छप्परबंद हा मुसलमान समाज. नाव छपरे शाकारण्याच्या कामाचे, पण पोलिसांच्या दप्तरात त्यांची ओळख खोटी नाणी पाडणारे अशी झाली. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांची नोंद आहे. आपल्यातले किती जण त्यांना ओळखतात?

बदगुमानी मनात असते तोवर ती एका माणसाचा दोष असते. कायद्यात उतरली की ती स्वतःच पुरावा तयार करते. चोरी झाली की पोलीस आधी यादीतल्या वस्तीत जाणार. जिथे शोधतील तिथेच कुणीतरी सापडणार, आणि मग यादी खरी ठरणार. यादीबाहेरच्यांची झडतीच होत नाही, म्हणून ते सज्जन! यासाठी फौजदार दुष्ट असावा लागत नाही, दप्तर पुरते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तरी सराईत गुन्हेगारांसंबंधीच्या कायद्यांतून आणि तुरुंगांच्या नियमांतून तीच नजर टिकून राहिली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. मधे बहात्तर वर्षे गेली.

मागे वर्गात एका मुलाचे पैसे हरवले. आमची नजर आधी एका ठरावीक बाकाकडे गेली. पैसे त्याच्याच दप्तरात निघाले. त्या बाकावरच्या मुलाने मात्र आमची नजर पाहिली होती. आपल्यावर शक घेतला जातो, ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खोटी नाही. पण इन्साफ मागणाऱ्याने आपल्या मनातली यादीही एकदा तपासून पाहावी.