खुली जागा आणि डोरोथी स्टील



ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की एक वाक्य कानावर येतंच. ‘यंदा आपल्या वॉर्डातली जागा महिलांची नाही, खुली आहे.’ सांगणारा सांगून मोकळा होतो. बचत गटाच्या बैठकीत ज्या दोघी-तिघी उभं राहायचा विचार करत असतात, त्या गप्प होतात. खुली म्हणजे पुरुषांची, असं आपण मनात धरूनच चालतो. म्हणून आज मी एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्यांनी ‘खुला’ या शब्दाचा अर्थ शब्दशः घेतला. गोष्ट इंग्लंडमधली आहे, शंभर वर्षांपूर्वीची. बाईंचं नाव डोरोथी डाइन स्टील, आणि त्यांचा खेळ क्रोके.

आधी खेळ समजून घेऊ. नीट कापलेली हिरवळ, पस्तीस यार्ड लांब आणि अठ्ठावीस यार्ड रुंद. तिच्यावर लोखंडाच्या सहा कमानी रोवलेल्या आणि मधोमध एक खुंट. चेंडू चार. निळा आणि काळा एका बाजूचे, लाल आणि पिवळा दुसऱ्या बाजूचे. एकेक चेंडू साधारण साडेचारशे ग्रॅमचा. लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं चेंडू मारायचा आणि ठरलेल्या क्रमानं प्रत्येक कमानीतून दोनदा काढायचा. कमान इतकी अरुंद की चेंडू जेमतेम जातो. शेवटी खुंटाला लावला की तो चेंडू संपला. दोन्ही चेंडू आधी संपवेल तो जिंकला.

खरी गंमत पुढे आहे. कॅरममध्ये सोंगटी घेतली की परत आपलीच पाळी असते ना? तसंच इथे. आपला चेंडू दुसऱ्या चेंडूवर आपटला की आणखी दोन फटके मिळतात. कमान पार केली की आणखी एक. त्यामुळे ज्याला नेम आणि हिशोब दोन्ही जमतं, तो एका पाळीत कमानीमागून कमान पार करत जातो. त्यासाठी तो समोरच्याचे चेंडूसुद्धा वापरतो. तेवढा वेळ समोरच्यानं खुर्चीत बसून बघत राहायचं! इथे नुसत्या दंडातल्या ताकदीचं काम नाही. तीन-चार फटके पुढचं बघावं लागतं.

हा खेळ १८५० च्या दशकात आयर्लंडमधून इंग्लंडमध्ये आला आणि मोठ्या घरांच्या बागांमध्ये पसरला. त्या काळी तिथल्या बायका घोट्यापर्यंतचे घोळदार झगे घालायच्या, कमर आवळून बांधायच्या. त्या कपड्यांत धावणं अवघड, पण क्रोके खेळता येत होतं. शिवाय तरुण मुलंमुली वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर एकत्र खेळू शकत होती. मग टिंगलही सुरू झाली. बायका झग्याच्या आडून पायानं चेंडू सरकवतात, अशी चेष्टा व्हायची. बायकांना जमतो म्हणजे हलकाच खेळ, असं म्हणणारेही होते.

तरी एक गोष्ट घडली. १८६७ मध्ये या खेळाची खुली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १८६९ मध्ये महिलांचीही. आज टेनिसमुळे आपल्याला माहीत असलेला विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये मुळात क्रोकेसाठीच स्थापन झाला होता. टेनिस तिथे नंतर आलं. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली, पण तिथे महिलांच्या एकेरीला १८८४ पर्यंत थांबावं लागलं. क्लबच्या नावात क्रोके हा शब्द अजूनही आहे. पुढे १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा ज्या बायका खेळल्या, त्यांतही तीन फ्रेंच क्रोके खेळाडू होत्या.

महिलांची वेगळी स्पर्धा होती ही चांगलीच गोष्ट. पण दुसऱ्या स्पर्धेचं नाव ‘खुली’ होतं, आणि तिथे बाईला मज्जाव नव्हता. या दारातून सगळ्यांत आधी जिंकून बाहेर आली ती लिली गोवर, वेल्समधली तरुणी. १८९९, १९०० आणि १९०१ अशी सलग तीन वर्षं तिनं महिलांचं अजिंक्यपद मिळवलं. मग १९०५ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, तिनं पुरुषांना हरवून खुली स्पर्धा जिंकली. हे वर्ष लक्षात ठेवा. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये एकाही बाईला संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नव्हतं. मैदानात पुरुषांना हरवणाऱ्या बाईला मतपेटीपर्यंत जायची परवानगी नव्हती.

आता डोरोथीबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म १८८४ चा. पहिल्या महायुद्धात स्पर्धा बंद पडल्या होत्या. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पुन्हा खेळ सुरू झाला, तेव्हा महिलांचं अजिंक्यपद डोरोथी स्टील यांनी मिळवलं. वय पस्तिशीचं. आपल्याकडे पस्तिशीतली बाई म्हणते, ‘आता आमचं काय राहिलंय?’ डोरोथीबाईंची महिलांच्या अजिंक्यपदांची मालिका त्या वयाला सुरू झाली आणि पुढची वीस वर्षं चालली. १९१९ ते १९३९ या काळात त्यांनी महिलांचं अजिंक्यपद पंधरा वेळा जिंकलं. शेवटच्या वेळी त्या पंचावन्नच्या घरात होत्या. त्यानंतर दुसरं महायुद्ध आलं. एका युद्धाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत असा हा काळ.

मधल्या १९२८ या वर्षी मात्र महिलांच्या स्पर्धेवर दुसरंच नाव लागलं, मिसेस बीटन. या कोण? तर आपली लिली गोवर! रेजिनाल्ड बीटन या क्रोकेच्याच विजेत्या खेळाडूशी तिचं लग्न झालं होतं. १९०१ नंतर सत्तावीस वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, तिनं पुन्हा महिलांचं अजिंक्यपद मिळवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांइतकाच, एकविसाव्या वर्षी मताचा हक्क मिळाला. त्याआधी १९१८ पासून तो फक्त तिशीपुढच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना होता.

पण डोरोथीबाईंचं खरं मोठेपण मला दुसऱ्या आकड्यात दिसतं. महिलांच्या स्पर्धेत त्या वर्षानुवर्षं जिंकत होत्या. तिथेच थांबल्या असत्या तरी नाव राहिलंच असतं. त्या खुल्या स्पर्धेतही उतरल्या आणि १९२५, १९३३, १९३५ आणि १९३६ अशी चार वेळा ती जिंकल्या. ही स्पर्धा चार वेळा जिंकणारी दुसरी बाई झालेली नाही. १९३२ मध्ये जिंकलेले हम्फ्री हिक्स हे पुढे सात वेळा विजेते ठरलेले खेळाडू. त्यांच्या पाठोपाठ १९३३ मध्ये त्याच करंडकावर डोरोथीबाईंचं नाव लागलं. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून त्यांची अजिंक्यपदं एकतीस होतात. १९२५ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मॅकरॉबर्टसन शील्ड ही लढत सुरू झाली, तीत त्या देशाच्या संघातून खेळल्या. हा संघ महिलांचा वेगळा नव्हता, बायका-पुरुषांचा एकच होता.

आणि खुली स्पर्धा जिंकल्यावर त्यांनी महिलांची स्पर्धा सोडली नाही, हेही पाहा. ती लहान आणि ही मोठी, असा हिशोब त्यांनी केलेला दिसत नाही. दोन्हीकडे खेळल्या.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. हा खेळ पैसेवाल्यांचा होता. ती हिरवळ राखायला माळी लागायचे. दुपारभर खेळायचं तर घरचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागायचं, आणि ती बहुतेक दुसरी बाईच असायची. तिच्यासाठी खुली स्पर्धा खुली नव्हतीच. नियमात दार उघडं असणं आणि दारापर्यंत पोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्रिणींनो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सकाळचं पाणी, स्वयंपाक, शेतावरची मजुरी, गटाचा हप्ता, हे सगळं उरकून मग आपण बैठकीला येतो.

म्हणून आपल्या गावाकडे परत येते. १९९३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन पंचायतींमध्ये बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. या जागांमुळेच कितीतरी जणी पहिल्यांदा घराबाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. त्या हव्यातच. पण उरलेल्या निम्म्या जागा पुरुषांच्या, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. कागदावर ‘सर्वसाधारण’ असं असतं. सर्वसाधारणमध्ये आपणही येतो.

खुल्या जागेवर उभं राहणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. प्रचाराला खर्च लागतो, घरच्यांची साथ लागते, लोकांची बोलणी खावी लागतात. एकटीनं ते झेपत नाही. पण त्यासाठीच तर आपला गट आहे ना? एकीनं अर्ज भरायचा आणि दहा जणींनी तिची घरची कामं, प्रचाराची पायपीट वाटून घ्यायची. डोरोथीबाईंच्या घरी कामाला माणसं असतील, आपल्याकडे एकमेकी आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सांगितलं की, ‘बाई, ही जागा महिलांची नाही, खुली आहे,’ तर गप्प बसू नका. ‘बरं झालं, मग उमेदवारी अर्ज कुठे मिळतो तेवढं सांगा,’ असं विचारा.