सुरुवातीचे ते ठोके कुणाचे?

हेडफोन लावून चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो सुरू करा. आधी हॉर्न गरजतात, मग पियानो जाडजूड कॉर्ड आपटत येतो. पाश्चात्त्य संगीत न ऐकणाऱ्यांच्याही कानावर हे कुठे ना कुठे पडलेलं असतं. मी हे फोनवर जुन्या स्कोअरची पीडीएफ उघडून ऐकत होतो. पुनर्मुद्रण होतं, आणि मुखपृष्ठाचं पान गायब. त्यामुळे ही नेमकी कुठली आवृत्ती, ते कळायला मार्ग नव्हता.

स्वस्त पुनर्मुद्रणांचं गणित साधं असतं. कॉपीराइट संपला की जुन्या पानांचे फोटो काढून छापायचं. नव्याने अक्षरजुळणी नाही, संपादन नाही. त्यात जुन्या संपादकाने केलेले बदलही तसेच पुढे जातात, आणि वाचणारा त्यालाच 'मूळ' समजतो. बिनलेबलाची फाइल प्रॉडक्शनला गेली की काय होतं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे!

या कॉन्चेर्टोच्या आवृत्त्या तीन. 1874च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्कीने तो निकोलाय रुबिनस्टाइनला वाजवून दाखवला. रुबिनस्टाइनने त्याची सालटी काढली. चायकोव्हस्की म्हणाला, एक सूरही बदलणार नाही. हान्स फॉन ब्यूलोव्हने 25 ऑक्टोबर 1875ला बोस्टनमध्ये तो पहिल्यांदा वाजवला. (रुबिनस्टाइनही पुढे विरघळला. त्याच वर्षी मॉस्कोत त्याने तो कंडक्ट केला, नंतर स्वतः वाजवलाही.) आणि सूर बदललेच: 1879ची छापील आवृत्ती सुधारलेली आहे.

पण या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत ते ठोके नाहीत! तिथे सुरुवातीचे कॉर्ड अर्पेजिओ आहेत, म्हणजे वीणेवर बोट फिरवावं तसे एकेक सूर सुटत जाणारे. व्हायोलिन आणि चेलोची धून त्यांच्यावर निवांत तरंगते. ठोके येतात तिसऱ्या आवृत्तीत. शेवटच्या भागातला एक तुकडाही तिथे कापलेला आहे. या बदलांमागे चायकोव्हस्कीचा शिष्य, पियानोवादक अलेक्झांडर झिलोटीचा हात मानला जातो. जगभर वाजते ती हीच.

28 ऑक्टोबर 1893. पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीने स्वतःच हा कॉन्चेर्टो कंडक्ट केला. नऊ दिवसांनी तो गेला. क्लिनच्या चायकोव्हस्की संग्रहालयाच्या संपादकांच्या मते, त्या रात्री त्याच्यासमोरचा स्कोअर 1879चा होता आणि तिसरी आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतरची आहे. म्हणून 2015 साली त्यांनी 1879चा पाठ नव्याने संपादित केला. किरिल गेरस्टाइनने तो रेकॉर्डही केला.

मी दोन्ही लागोपाठ ऐकले. गेरस्टाइनचं ऐकताना धून पहिल्यांदा नीट ऐकू आली. एरवी ती पियानोखाली दबते. तरी खरं सांगतो, सवयीने मला ठोकेच आवडतात. फक्त पीडीएफच्या नावापुढे आता मी 'तिसरी आवृत्ती' असं टाकून ठेवलंय.