बारा नारळ, एक ग्रंथ

बंगळूर कोणत्या भाषेचे, हा वाद शिवाजीनगरात उर्दू, तमिळ, कन्नड ऐकताना फोल वाटतो. १६३८च्या मोहिमेनंतर आदिलशाहीने हे शहर शहाजीराजांकडे सोपवले. कवी जयराम पिंड्ये याने त्यांच्यापुढे बारा नारळ ठेवले. तेवढ्या भाषांत तो कविता रची. दरबाऱ्यांनी समस्या घातल्या, त्याने त्या पुऱ्या केल्या. तिथे श्रोतेच परीक्षक होते. ही हकिगत त्याच्याच 'राधामाधवविलासचंपू'त आहे. नाव शृंगाराचे, पण १९२२ साली ग्रंथ छापणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी त्यात शहाजीकालीन इतिहास वाचला. अनुवादकाला त्यात बहुभाषिक बंगळूर सापडते. प्रेमकाव्य, इतिहास की शहराचा दाखला? तिन्ही मते ग्रंथातच बसतात. एकभाषी बंगळूर मात्र त्यात कुठेच बसत नाही.