चॅसिस ब्रेसिंग

चॅसिस ब्रेसिंग म्हणजे मोटारगाडीच्या सांगाड्याची वाकण्याला व पिळवटण्याला विरोध करण्याची क्षमता वाढावी म्हणून त्याला जोडल्या जाणाऱ्या दांड्या, आडव्या पट्ट्या किंवा चौकटी होत. यांतील काही भाग कारखान्यातच बसवलेले असतात, तर काही भाग मालक नंतर स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवतात. नंतर बसवलेल्या भागांचा वापर प्रामुख्याने स्पोर्ट्‌स कारमध्ये आढळतो. अशा भागांनी सांगाड्याची दृढता वाढू शकते. मात्र ती किती वाढेल हे भाग कोठे व कशा प्रकारे जोडला आहे यावर ठरते. तसेच दृढता वाढली म्हणजे गाडीची वळणावरील पकडही त्याच प्रमाणात वाढते, असे नाही.

संकल्पना

दृढता आणि बळकटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. भार आल्यावर वस्तूचा आकार किती कमी बदलतो, यावरून दृढता ठरते. किती भार आल्यावर ती मोडते किंवा कायमची वाकते, यावरून बळकटी ठरते. गाडीच्या बाबतीत पीळरोधी दृढता विशेष महत्त्वाची असते. सांगाड्याचे एक टोक घट्ट धरून दुसरे टोक १ अंशाने पिळण्यास जेवढे आघूर्ण लागते, ती त्याची पीळरोधी दृढता होय. ती न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात सांगतात.

सस्पेन्शनची रचना करताना त्याचे जोडबिंदू स्थिर राहतील असे गृहीत धरलेले असते. हे बिंदू भाराखाली सरकले, तर चाकांचे कोन बदलतात. शिवाय वळणावर गाडी कलते तेव्हा पुढच्या व मागच्या चाकांवर भार कसा विभागला जावा, हे दोन्हीकडील स्प्रिंगांच्या व अँटी-रोल बारच्या ताठरपणावरून ठरते. मधला सांगाडाच पिळवटला, तर ही विभागणी ठरवल्याप्रमाणे होत नाही.

खुल्या गाड्यांचा प्रश्न

पक्के छत असलेली गाडी ही बंद पेटीसारखी असते. पुठ्ठ्याची पेटी झाकण चिकटवलेले असताना सहज पिळता येत नाही. झाकण काढताच ती हाताने पिळता येते. छत नसलेल्या गाडीत हाच फरक पडतो. तिचा बराचसा भार दाराखालच्या पोकळ तुळया, मजला आणि मधला बोगदा यांनाच पेलावा लागतो. बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या झेड३ या खुल्या गाडीवरून पक्क्या छताची कूपे तयार केली, तेव्हा तिची पीळरोधी दृढता मूळ गाडीच्या दुपटीहून अधिक झाली. खराब रस्त्यावर खुल्या गाडीची समोरची काच व डॅशबोर्ड थरथरतात, त्याचे कारणही हीच उणीव असते.

प्रकार

- स्ट्रट बार: इंजिनाच्या वरून जाणारी व दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शन मनोऱ्यांची टोके जोडणारी दांडी.
- खालची जोडदांडी: सस्पेन्शनच्या खालच्या भुजांचे जोडबिंदू किंवा सबफ्रेमची टोके एकमेकांना जोडणारी दांडी.
- तळाची चौकट: मजल्याखालच्या दोन लांब तुळया तिरप्या पट्ट्यांनी जोडणारी चौकट.
- रोल बार व रोल केज: गाडी उलटल्यास बसणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी असलेली नळ्यांची रचना. तिचा हेतू वेगळा असला, तरी ती त्रिमितीय असल्याने सांगाड्याची दृढता लक्षणीय वाढवू शकते.

परिणामकारकता

ब्रेसिंग उपयोगी पडण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली अट जागेची आहे. जोडलेले दोन बिंदू भाराखाली एकमेकांच्या सापेक्ष खरोखर सरकत असले पाहिजेत. ते मुळातच स्थिर असतील, तर दांडीला काही कामच उरत नाही. मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये वळणाच्या आडव्या बलाचा काही भाग मनोऱ्याच्या टोकावर येतो. तेथे स्ट्रट बारला अर्थ आहे. दुहेरी विशबोन सस्पेन्शनमध्ये आडवे बल मुख्यतः दोन भुजांच्या जोडबिंदूंवर येते व मनोऱ्याचे टोक प्रामुख्याने स्प्रिंगचा भार घेते. अशा गाडीत स्ट्रट बारचा लाभ सहसा कमी असतो.

दुसरी अट आकाराची आहे. चार दांड्यांचा चौकोन कोपऱ्यांत दुमडू शकतो. त्यात एक कर्ण घातला की दोन त्रिकोण होतात व आकार टिकतो. म्हणून समांतर पट्ट्यांपेक्षा तिरप्या पट्ट्या पिळाला अधिक विरोध करतात. दांडी सरळ असेल, तर ती दाब व ताण उत्तम पेलते. इंजिन चुकवण्यासाठी तिला बाक दिला, तर भार येताच ती बाकापाशी वाकते.

तिसरी अट जोडणीची आहे. जाड दांडी पातळ पत्र्यावर बसवली, तर पत्राच आधी लवतो. दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेली दांडी मनोऱ्यांना जवळ येण्यापासून किंवा दूर जाण्यापासून रोखते. त्यांना तिरके होण्यापासून मात्र रोखू शकत नाही.

दृढता वाढूनही वळणावरील वर्तनात अल्पच फरक का पडतो, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून समजते. पुढचे व मागचे सस्पेन्शन आणि मधला सांगाडा ही एकापुढे एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखी मानता येतात. दोन्ही सस्पेन्शनची दृढता प्रत्येकी ५०० न्यूटन-मीटर प्रति अंश व सांगाड्याची ५,००० असेल, तर एकत्रित दृढता सुमारे २३८ येते. ब्रेसिंगने सांगाड्याची दृढता २० टक्क्यांनी वाढवून ६,००० केली, तरी ती २४० होते; म्हणजे वाढ १ टक्क्याहूनही कमी. शर्यतीच्या गाडीप्रमाणे सस्पेन्शन प्रत्येकी २,००० इतके ताठर असेल, तर त्याच बदलाने एकत्रित दृढता ८३३ वरून ८५७ वर जाते, म्हणजे जवळपास ३ टक्के वाढ होते. सारांश, स्प्रिंग जितक्या ताठर, तितका सांगाड्याच्या दृढतेचा प्रभाव अधिक.

कंपनांच्या बाबतीत मात्र थोडी वाढही जाणवू शकते. वस्तुमान तेच राहिल्यास नैसर्गिक वारंवारता दृढतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २० टक्के अधिक दृढतेने सांगाड्याची वारंवारता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि ती चाकांच्या उसळण्याच्या वारंवारतेपासून दूर गेल्यास थरथर कमी होते. चालकाला गाडी ‘घट्ट’ वाटते, ती बरेचदा यामुळे.

माझ्दा एमएक्स-५

माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनी खुली गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील वाहन प्रदर्शनात सादर झाली. तिच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन होते, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले होते. ही चौकट मुख्यतः इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतच्या भागांचे हेलकावे रोखते.

पुढे या गाडीला १.८ लिटरचे इंजिन देण्यात आले, तेव्हा कंपनीने स्वतःच ब्रेसिंग वाढवले. आसनांमागील सीट बेल्टचे दोन मनोरे आडव्या नळीने जोडले गेले आणि पुढच्या व मागच्या सबफ्रेमला खालून दांड्या मिळाल्या. अभियंत्यांनी हे भाग सांगाडा जेथे उघडा होता किंवा सस्पेन्शनचे भार जेथे येतात, तेथेच घातले, ही बाब लक्षणीय आहे. जुन्या १.६ लिटर गाड्यांचे अनेक मालक हेच भाग नंतर बसवतात. पहिल्या दोन पिढ्यांच्या मजल्याखालील लांब तुळया पातळ पत्र्याच्या आहेत व चुकीच्या जागी जॅक लावल्यास त्या चेपतात. त्यामुळे तळाच्या चौकटीलाही या गाडीत मागणी असते.

मोजमाप

प्रयोगशाळेत गाडीची मागची टोके घट्ट धरून पुढच्या टोकांना विरुद्ध दिशांनी भार देतात व ठरावीक बिंदूंवरील हालचाल डायल गेजने नोंदवतात. ३,००० न्यूटन-मीटर आघूर्णाने ०.६ अंश पीळ पडला, तर दृढता ५,००० न्यूटन-मीटर प्रति अंश होते. ब्रेसिंगपूर्वी व नंतर हीच चाचणी केल्यास प्रत्यक्ष वाढ कळते. केवळ चालवून आलेला अनुभव पुरेसा पुरावा ठरत नाही. कारण नव्या भागासोबत बहुधा टायर, स्प्रिंग किंवा चाकांची जुळणीही बदललेली असते आणि चालकाची अपेक्षाही त्यात मिसळते.

मर्यादा आणि धोके

प्रत्येक भागाने गाडीचे वजन वाढते. तळाच्या चौकटीमुळे जमिनीपासूनचे अंतर घटते. धडकेच्या वेळी पुढचा भाग ठरावीक क्रमाने चेपून ऊर्जा शोषली जावी, अशी त्याची रचना असते. नवी दांडी भाराचा मार्ग बदलू शकते. बॉनेटखालील मोकळी जागा कमी झाल्यास पादचाऱ्याच्या डोक्याला अधिक इजा होण्याचा संभव असतो. रोल बारची नळी डोक्याजवळ असल्यास हेल्मेटशिवाय ती धोकादायक ठरते. तसेच गंजलेल्या सांगाड्याला ब्रेसिंग हा पर्याय नव्हे. गंज काढून पत्रा दुरुस्त करणे, सैल बोल्ट आवळणे व झिजलेले रबरी बुश बदलणे ही कामे आधी करावी लागतात.

हेही पहा

- मोनोकॉक
- मॅकफर्सन स्ट्रट
- दुहेरी विशबोन सस्पेन्शन
- अँटी-रोल बार
- रोल केज