भारतातील हॉटेल खोल्यांची टंचाई आणि पर्यटन व्यवसाय

आपल्यापैकी बरीच कुटुंबे मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की भारतात जातात. त्यातही डिसेंबरात गेलो तर गोवा, महाबळेश्वर, केरळ, राजस्थान, कुठेही चौकशी करा, हॉटेले भरलेली असतात आणि भाव चढलेले असतात. असे का होते, याची ही थोडक्यात माहिती.

टंचाईची सुरुवात

२००२ साली केंद्र सरकारने 'अतुल्य भारत' ही प्रचार मोहीम सुरू केली. त्या वर्षी सुमारे २४ लाख परदेशी पर्यटक भारतात आले होते. २००७ मध्ये हा आकडा ५० लाखांवर गेला. याच काळात बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे कंपन्यांच्या कामासाठी येणारे पाहुणेही वाढले. खोल्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. देशात सुमारे दीड लाख खोल्या कमी पडतात, असा अंदाज तेव्हा वारंवार सांगितला जात असे.

कारणे

शहरातील जमीन महाग, कर्जाचे व्याज जास्त आणि परवाने अनेक खात्यांचे. त्यामुळे हॉटेल उभे राहायला कित्येक वर्षे लागतात. दिल्लीचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धा डोळ्यासमोर ठेवून २००७ च्या अर्थसंकल्पात राजधानी परिसरातील नव्या हॉटेलांना पाच वर्षांची करसवलत जाहीर झाली. तरीही विमानतळाजवळच्या 'एरोसिटी'तील हॉटेले सुरक्षाविषयक हरकतींमुळे रखडली आणि २०१३ पासून सुरू होऊ लागली.

दुसरे कारण हंगामाचे. रिकामी गेलेली रात्र साठवून ठेवता येत नाही. डिसेंबरच्या गर्दीला पुरतील इतक्या खोल्या बांधल्या तर पावसाळ्यात त्यातल्या बऱ्याच ओस पडतात. पगार, वीज आणि कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत. शिवाय नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला, त्याच वर्षीची जागतिक मंदी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी मागणी एकाएकी कशी कोसळते हे दाखवून दिले. म्हणून गुंतवणूकदार हात राखून असतात.

परिणाम

सहल कंपन्यांना पुढच्या हंगामाचे दर आधी ठरवावे लागतात. ऐनवेळी हॉटेलचे भाव वाढले की परदेशी पाहुणे थायलंड, मलेशियाकडे वळतात. नुकसान एकट्या हॉटेलचे होत नाही. टॅक्सीवाला, गाईड, खानावळ, हस्तकलेचे दुकान, सगळ्यांचाच धंदा बुडतो. देशातील पर्यटकांची संख्या तर परदेशी पाहुण्यांच्या कितीतरी पट आहे. मध्यम भाड्याच्या स्वच्छ खोल्यांची चणचण त्यांनाच सर्वात जास्त जाणवते.

घरगुती सोय

यावर एक उपाय म्हणजे राहत्या घरातल्या खोल्या. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत घरमालक कुटुंबासह तिथेच राहणारा असावा आणि खोल्या जास्तीत जास्त सहा असाव्यात, अशी अट आहे. महाराष्ट्रातही अशी घरे नोंदवली जातात. दापोली, गुहागर, मालवणकडे 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या गावोगाव दिसतात. यातून गावात पैसा राहतो आणि मुंबईला गेलेला एखादा मुलगा परतही येतो. पण मे महिन्यात विहिरी आटतात, तेव्हा पाहुण्यांना पाणी पुरवायचे की गावाला, हा प्रश्न उभा राहतो. खोल्या वाढवताना पाणी आणि कचरा यांचा विचार आधी व्हायला हवा.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवा

- नाताळ, दिवाळी आणि मे महिन्यासाठी आरक्षण काही महिने आधी करा.
- परदेशी पासपोर्टवर राहणाऱ्या पाहुण्याची माहिती मालकाला २४ तासांत द्यावी लागते. काही छोटी लॉज ही कटकट नको म्हणून खोली नाकारतात. तेव्हा आधीच फोनवर विचारून घ्या.
- वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आणि कमोडची सोय आहे का, याची खात्री करा.
- २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या सुमारास तिकडे जाणार असाल तर मुक्कामाचे आधी ठरवा, विमानाचे तिकीट नंतर काढा.
- शक्य असेल तर हंगाम टाळा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी कोकण हिरवेगार असते आणि खोल्याही सहज मिळतात.