बडोद्याचे साडेअकरा पौंड आणि आजचं विमानाचं तिकीट

सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना शिकायला परदेशी पाठवलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पैसे कसे आणि कधी दिले, हे फारसं कुणी सांगत नाही. आज मला तेच सांगायचंय, कारण आमच्याकडच्या संशोधक मुलामुलींचं घोडं नेमकं तिथंच अडतंय.

करार झाला १९१३ च्या जूनमध्ये. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. अट कडकच होती. पण आधी स्वतः खर्च करा, पावत्या आणा, मग बघू, असला प्रकार नव्हता.

त्याच पैशांच्या आधारावर ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीवर लिहिणारे विद्वान तोवर पुष्कळ झाले होते. जातीचे चटके सोसलेला माणूस स्वतः तिथं उभा राहून मांडणी करतोय, हे वेगळं होतं. पुढच्याच वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

मग मुदत संपली. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की बडोद्याला जायलाही पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये आले, तेव्हा कुठं जाणं झालं. कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि गाडीभाड्याची ही तऱ्हा! १९२० साली पुन्हा लंडन गाठलं ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांचे १५०० रुपये आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले ५००० रुपये यांच्या जोरावर.

आता आजचं बघा. मी इकडं कोल्हापूर भागात मेकॅनिकल शिकवतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्याची वाळू वापरून झाली की बरीच टाकून दिली जाते. ती पुन्हा वापरात कशी आणायची, वीज आणि पाणी कमी कसं लागेल, हाच सस्टेनेबल मॅन्युफॅक्चरिंगचा विषय. या विषयाची जागतिक परिषद २००९ मध्ये चेन्नईत आयआयटी मद्रासला झाली, २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशला, २०१८ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला. चेन्नईला रेल्वेत बसून जाता येतं. लेक्सिंग्टनला कसं जायचं?

माझ्या ओळखीच्या एका मुलीचा वाळूवरचाच पेपर अशाच एका परदेशी परिषदेत स्वीकारला गेला. वडील फाउंड्रीत मोल्डर. घरात पासपोर्ट काढणारी ही पहिलीच. तिकीट, व्हिसा, नोंदणी धरून दीड लाखाच्या घरात खर्च. योजना होती, मंजुरीही मिळाली असती. पण पैसे मिळणार होते परत आल्यावर, बोर्डिंग पास जोडून. दीड लाख आधी आणायचे कुठून? शेवटी पेपर वाचला सहलेखक असलेल्या प्राध्यापकांनी. त्यांना कॉलेजने दौऱ्यासाठी आगाऊ उचल दिली होती!

म्हणजे नियमानुसार पगारदाराला उचल मिळते आणि जिच्याकडे काहीच नाही तिला परतफेड. हे ज्यांनी ठरवलं त्यांना गरिबी फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसत असावी.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन अनेक परिषदांच्या आयोजकांनाच विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी अनुदान देत आली आहे, आणि त्यात मुली, कृष्णवर्णीय, लॅटिनो अशा कमी संख्येत दिसणाऱ्यांचा खास विचार व्हायचा. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने विविधतेशी संबंधित बरीच अनुदानं रद्द केली, तेव्हा तिकडंही सगळं आलबेल नाही. पण आपल्याला त्यासाठी अमेरिकेकडे बघायची गरजच काय? बडोदा आणि कोल्हापूर पुरे आहेत.

पेपर स्वीकारल्याचं पत्र दाखवलं की तिकीट विद्यापीठाने थेट काढून द्यावं, नोंदणीची फी थेट परिषदेला भरावी, आणि हिशेब मुलाने परतल्यावर द्यावा. नवीन निधीही लागत नाही, आहे तोच पैसा दोन महिने आधी निघेल. कुणी अधिसभा सदस्य पुढच्या बैठकीत हा ठराव मांडणार असतील, तर मसुदा मी आजच लिहून देतो.