गेलेले वतन, राहिलेले कागद

कोकणात जुन्या घराच्या माळ्यावर आजही एखादा रुमाल निघतो. कापडात बांधलेली मोडी घरात कुणाला वाचता येत नाही, पण टाकवतही नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कागद राहिले. हे कागद नवख्याला रुक्ष वाटतात, आणि तसे वाटण्यात त्याचा दोष नाही. म्हणून वाचकांनी आरंभ एका गोष्टीपासून करावा, कारीच्या जेध्यांच्या करिन्यापासून.

भोरजवळच्या कारीचे हे देशमुख. करीना सांगतो की नाईकजी जेध्यांना वतनासाठी भावांनीच मारले. त्यांचा तान्हा मुलगा कान्होजी मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाला पोचला. पासलकरांनी त्याला वाढवले, पुढे जावई केले, आणि हाताशी आल्यावर कान्होजींनी गेलेले वतन परत मिळवले. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा हेच कान्होजी मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्याच वतनावर पाणी सोडले. आपण आज हे शब्द उठताबसता वापरतो. कान्होजींनी खरोखरच हातावर पाणी घेतले होते.

गोष्ट अशी रंगली की थोडे सावध व्हावे. करीना म्हणजे हक्क सांगणाऱ्याने मांडलेली आपली बाजू. मारेकरी भावांच्या वंशजांनी तो लिहिला असता तर? तेव्हा शेजारी जेधे शकावली ठेवा. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या तिच्यातल्या वर्षवार नोंदींचा सूर कोरडा, हिशेबी. टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली. शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तिच्यातलीच.

मग महजराकडे, म्हणजे वतनाच्या तंट्यात सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदाकडे वळा. माझा जीव खरा रमतो तो त्याच्या तळाशी. लिहिता न येणाऱ्यांच्या तिथे निशाण्या असतात: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. हरलेल्याकडून ‘यजितखत’ लिहून घेतले जाई. म्हणजे पराभवाचाही कागद होई.

मोडीला भिऊ नका. आधी ओळभर रेघ ओढलेली, मग तिला अक्षरे टांगलेली; नजर बसली की ओळी सुट्या होऊ लागतात. आमच्याकडे आरे-वाऱ्याला हवा खारी, पावसाळ्यात कागद दमटतो आणि पानाला पान चिकटते. तुमच्या घरचा रुमाल माघ-फाल्गुनात सोडा, ओटीवर, सावलीत. पंखा तेवढा बंद ठेवा.

आरे-वारे, रत्नागिरी